मदत हवी आहे: आमची कुत्री राणी सांभाळायला येणाऱ्या मुलाला जवळच येऊ देत नाही

शाहूपुरीकरीण
शुक्रवारी नागपूरला लग्नाला निघायचंय. राणीला बघायला एक मुलगा ठरवलाय, चांगला आहे, पण तो आला की ही वॉशिंग मशीनमागे जाऊन बसते. बिस्किट टाकलं तरी तोंड लावत नाही. काय करू? लवकर सांगा, तिकिटं काढून झालीत.

कृष्णाकाठ
कुठलं कुत्रं? वय? मुलगा घरी राहणार की येऊन-जाऊन? किती दिवस?

शाहूपुरीकरीण
गावठी आहे. सकाळ-संध्याकाळ येऊन जाईल. बाकीच्याचा काय संबंध?

पोवईनाका
सरळ कुत्र्यांच्या बोर्डिंगला टाका. आमचा लॅब (लॅब्राडोर) पुण्यात ठेवतो, परत यायलाच तयार नसतो.

कृष्णाकाठ
लॅबचं सोडा हो. भित्रं कुत्रं परक्या जागी, त्यात शेजारी पाच-सहा भुंकणारी! खाणंच टाकतं. आणि ताई, संबंध आहे म्हणून विचारलं. पिल्लू असताना आणलीत का मोठी?

शाहूपुरीकरीण
मोठीच. स्टँडमागे फिरायची, लोक काठीने मारायचे.

गच्चीवरून
हे आधी सांगायचं! मुलगा येतो तेव्हा हातात काय असतं?

शाहूपुरीकरीण
काही नाही. हेल्मेट फक्त.

गच्चीवरून
मग बाकी काही करायच्या आधी ते हेल्मेट जिन्यात ठेवायला लावा. आत आल्यावर त्याने तिच्याकडे बघायचंच नाही. तिच्यापासून थोडं अंग वळवून खाली बसायचं, मोबाईल बघत. खात नाही याचा अर्थ तो फार जवळ येतोय, म्हणून दारापाशीच बसवा. बिस्किट नको, उकडलेल्या चिकनचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, कांदा-लसूण न घालता (ते कुत्र्याला बाधतं), जमिनीवरून तिच्याकडे सरकवायचे. हातातून भरवायची घाई नको आणि डोक्यावरून हात तर मुळीच नाही. ती ओठांवरून जीभ फिरवते, सारखी जांभई देते किंवा डोळ्याचा पांढरा कोपरा दिसतो, तर मागे सरकायचं. आधी तुम्ही समोर, मग तुम्ही गॅलरीत, मग खाली किराणा दुकानापर्यंत. मशीनमागून ओढून काढायला गेला तर चावेल, आणि त्यात तिची चूक नसेल.

जुनंखोड
आम्ही कुत्री दारात बांधायचो, असली थेरं नव्हती. एक दिवस उपाशी ठेवा, बरोबर येते हातातलं खायला.

गच्चीवरून
काका, भुकेने भीती जात नाही. घास हिसकावून परत मशीनमागे पळेल. आणि चावलीच तर पोराने रेबीजच्या सुया घेत फिरायचं?

पोवईनाका
अर्धी झोपेची गोळी द्या ना, आपली माणसांची.

कृष्णाकाठ
कृपा करून असलं लिहू नका. काही गोळ्यांनी अंग ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते. गोळी द्यायचीच तर डॉक्टरांना विचारून. शिरवळला व्हेटर्नरी कॉलेज आहे, किंवा तुमचे नेहमीचे कोण असतील ते.

माळावरची
गोचिडांचं काय करता तुम्ही? आमच्याकडे पावसाळ्यात फार होतात.

शाहूपुरीकरीण
गोचीड नाहीत!! आज हेल्मेट खाली ठेवून आला. राणी बाहेर आली नाही, पण दोन तुकडे तिथेच खाल्ले. शुक्रवारपर्यंत जमेल का?

कृष्णाकाठ
खरं सांगू? फिरवण्याइतकं नाही जमायचं. त्याला बाहेर नेऊच देऊ नका. गळपट्ट्यातून मान काढून निसटली तर हाकेला येणार नाही. गच्ची असेल तर दार लावून तिथेच मोकळी सोडू दे. घरी कुणीच नाही का थांबू शकत?

शाहूपुरीकरीण
सासूबाई आहेत. पण त्या कुत्र्याला हात लावत नाहीत.

गच्चीवरून
सासूबाई घरी आहेत??

शाहूपुरीकरीण
हो. गुडघे दुखतात त्यांचे. राणी रात्री त्यांच्याच कॉटखाली झोपते.

गच्चीवरून
अहो ताई! मग मुलाला रोज सासूबाईंशी चहा घेत गप्पा मारत बसवा, कॉटपासून लांब. त्या निवांत दिसल्या की राणीही जरा सैल पडेल. हात लावू नका म्हणावं, नुसतं ताट सरकवा. तुम्ही गेल्यावर खाणं सासूबाई देतील, भांडी-पाणी-गच्ची मुलगा बघेल.

शाहूपुरीकरीण
त्यांना विचारावं लागेल. मागच्या महिन्यात तिने त्यांची चप्पल खाल्लीय.

पोवईनाका
नागपूरला कंदी पेढे नेताय ना? उन्हाचे डब्यात दाबून भरू नका, चिकटतात.