बालिका दिनाला पाठ्यपुस्तकातली चित्रं मोजायची आहेत, तक्ता कसा करावा?

चोपडेकर: ३ जानेवारीला भाषणं आणि सावित्रीबाईंची वेशभूषा दरवर्षीच होते. यंदा सातवीच्या मुलामुलींकडून पुस्तकातल्या चित्रांत बायका-पुरुष काय करताना दिसतात ते मोजून घ्यायचंय. तासिका दोनच. नुसती संख्या मोजून काही हाती लागेल का?

तापीकाठ: नाही लागणार. डोकी बऱ्याचदा सारखीच भरतात आणि मुलं 'सगळं समान आहे' म्हणून मोकळी होतात. रकाने असे करा: पान, कोण, घरात की बाहेर, हातात काय, बोलतंय कोण. 'हातात काय' हा रकाना सोडूच नका. लाटणं कुणाकडे आणि स्टेअरिंग कुणाकडे, ते तिथंच उघडं पडतं. चौघांचा गट, गटाला २० पानं. गर्दीची चित्रं वगळा, नाहीतर 'हा मुलगा की मुलगी' यातच तासिका जाते. थोडी पानं दोन गटांना सारखी द्या. आकडे जुळले नाहीत की चर्चा आपोआप सुरू होते. बालभारतीने २०१९ला दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं भाजी निवडताना दाखवले होते. ते आणि त्याआधीचं पुस्तक मिळालं तर शेजारी-शेजारी ठेवा.

कपाशीवाली: पुस्तकातला शेतकरी म्हणजे फेटा नि बैलजोडी. म्हणून ताई, दुसरा तक्ता गावाचा घ्या. कपाशीची कामं क्रमाने लिहा: लागवड, निंदणी, फवारणी, वेचणी, विक्री. प्रत्येकासमोर दोन प्रश्न: काम कोण करतं, पैसे कुणाच्या हातात येतात? निंदणी-वेचणीला बायका आणि विक्रीला पुरुष, हे मुलंच सांगतील. सातबाऱ्यावर आईचं नाव आहे का, हेही विचारा, पण चिठ्ठीवर, नाव न घालता. वर्गात मोठ्याने विचारलं तर भाऊबंदकीचे वाद शाळेत येतात.

तापीकाठ: हे बरोबर. वेशभूषेत कवयित्री बहिणाबाई चौधरी असतील तर त्यांनाही फक्त जात्यापुढे बसवू नका, त्या शेतात राबलेल्या बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून टिकली, आणि पुस्तक निघालं १९५२ला, त्या गेल्यानंतर. मुलांना आज्जीकडून कानबाईचं, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीचं, एक गाणं उतरवून आणायला सांगा, अहिराणी आहे तशी ठेवून. खाली 'लोकगीत' एवढंच नको. आज्जीची हरकत नसेल तर तिचं नाव आणि माहेरचं गाव लिहायचं.