संप्रेरक संरक्षक जनुके ‘सुरू’ करते, हे म्हणणे बरोबर आहे का?

पर्णदेठ : ‘पान कुरतडले की जॅस्मोनिक आम्ल हे वनस्पतीचे संप्रेरक वाढते आणि ते संरक्षक जनुके सुरू करते, बाकी सारा पाल्हाळ आहे,’ हे एका लेखातले विधान वाचून राहवले नाही. संरक्षक जनुके चालवणारे एमवायसी२ हे प्रथिन केंद्रकात आधीपासूनच असते, फक्त जाझ नावाच्या दमन करणाऱ्या प्रथिनांनी त्याला जखडून ठेवलेले असते. जखमेनंतर जॅस्मोनिक आम्लाला आयसोल्यूसिन जोडले जाते, त्या संयुगामुळे जाझ सीओआय१ या ग्राहीला (संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटते आणि मग प्रोटिअसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेत, नष्ट होते. २००७ सालीच हा उलगडा झालेला असताना पहारा उठवण्याला ‘सुरू करणे’ म्हणणे ही दिशाभूल आहे.

तृणांकुर : यंत्रणा आपण अचूक सांगितलीत, पण राग अनाठायी आहे. सीओआय१ निकामी असलेल्या झाडात जखमेनंतरची बहुतेक संरक्षक जनुके गप्पच राहतात. सूत्रे एकाच संप्रेरकाच्या हाती आहेत, एवढेच लेखकाला म्हणायचे असावे.

पर्णदेठ : तेही पटत नाही. टोमॅटोच्या पानांना ॲस्पिरिन, म्हणजे सॅलिसिलिक आम्ल या दुसऱ्या संप्रेरकाचेच एक रूप, दिले की जखमेला मिळणारा प्रतिसाद दबतो. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपात एथिलीन या आणखी एका संप्रेरकाची जोड मिळाली की एमवायसी२ची शाखा मागे पडून बुरशीविरोधी जनुके पुढे येतात. याला पाल्हाळ म्हणायचे?

कोंभ : आपण दोघेही जखमी पानातच अडकला आहात. न दुखावलेल्या पानांतही प्रोटीनेज-निरोधक (किडीचे पचन बिघडवणारी प्रथिने) साठतात, हे ग्रीन आणि रायन या संशोधकांनी १९७२ मध्येच दाखवले आणि १९९१ मध्ये सापडलेले १८ अमिनो आम्लांचे सिस्टेमिन हेच तो निरोप नेते. टोमॅटोची खालची पाने चिमट्याने चेंगरून वरच्या पानांतले निरोधक मी स्वतः मोजले आहेत. मला पुस्तकी आकृत्या दाखवू नका.

तृणांकुर : आपल्या मोजमापावरून निरोप पोहोचला एवढेच कळते, तो कोणी नेला हे कळत नाही. टोमॅटोचा जॅस्मोनेट (जॅस्मोनिक आम्ल व त्याची रूपे) बनवू न शकणारा खुंट जखमी केला, तर त्यावरचे अव्यंग कलम प्रतिसाद देत नाही. उलट जॅस्मोनेट ओळखू न शकणारे कलम अव्यंग खुंटावरही गप्प राहते. सिस्टेमिन जखमेच्या जागीच जॅस्मोनेटची निर्मिती वाढवते, असाच याचा अर्थ निघतो.

कोंभ : सिस्टेमिन स्वतः दूर जात नसेल, हे नाइलाजाने मान्य करतो, पण सारा प्रवास जॅस्मोनेटच करते, हे मानणार नाही. २०१३ मध्ये अरॅबिडॉप्सिसमधली ग्लुटामेट-ग्राहींसारखी दोन प्रथिने निकामी केली, तेव्हा दूरच्या पानात पोहोचणारा विद्युत संकेत क्षीण झाला आणि तिथल्या जनुकांचा प्रतिसादही घटला. शिवाय त्या झाडाच्या दूरच्या पानात जॅस्मोनेट तिथल्या तिथे तयार होते. हे आपल्या टोमॅटोच्या कलमांशी कसे जुळवायचे, ते आधी सांगा.