मदत हवी आहे: टोयोटा टाकोमा पिकअप घ्यावी की तिच्याहून मोठी फोर्ड एफ-१५०?

मंडळी, आम्ही टेक्सासमध्ये असतो. ट्रेलर भरून ५,००० पौंडांचा होतो. टाकोमा साधारण ६,५०० पौंड ओढते, म्हणजे कागदावर जमतं. पण ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन हिचवर (गाडीच्या मागच्या जोडणीवर) येतं, वर आम्ही चौघं आणि सामान. बघितलेल्या टाकोमाच्या दारावरच्या पिवळ्या स्टिकरवर माणसं, सामान, हिचवरचा भार सगळं मिळून कमाल ११०० पौंडच लिहिलेत! एफ-१५० क्रू कॅब (चार पूर्ण दारांची) १९ फुटांहून लांब, आमचं गॅरेज आतून जेमतेम २०. दोन्ही चालवून पाहिल्या. रोज ऑफिसलाही हीच न्यायची आहे. डिझेल, इलेक्ट्रिक नको. टाकोमासारख्या मिडसाइझ पिकअपने एवढा ट्रेलर नेणारं कुणी आहे का? चढाचं सोडा, उतारावर आणि आडव्या वाऱ्यात गाडी ताब्यात राहते का?