मचाणावर जाता-येता हरणे बुजू नयेत म्हणून काय करावे?

मक्याचे_शेत:
मी मिशिगनमध्ये राहतो आणि रीतसर परवाना काढून पांढऱ्या शेपटीच्या हरणांची धनुष्यबाणाने शिकार करतो. शेतमालकाच्या परवानगीने मक्याच्या कडेला एका ओकवर मचाण बांधले आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हरणे उजेडी दिसत असत. आता ती अंधार पडल्याखेरीज रानाबाहेर येत नाहीत. पहाटे शेत ओलांडताना त्यांचा फुत्कार हमखास ऐकू येतो. यात काय बदल करावा?

उत्तररान:
पहाटेच्या अंधारात हरणे शेतातच चरत असतात, त्यामुळे शेत ओलांडणे म्हणजे त्यांच्या कळपातूनच चालत जाणे होय. फुत्कारणे आणि पाय आपटणे हा इतरांना दिलेला इशारा असतो. जुन्याजाणत्या मादीने एकदा आपली जागा हेरली की पुढे ती त्या झाडाकडे मान वर करूनच पाहत येते. पहाटे या मचाणावर जाणे सोडून द्यावे आणि दुपारी, हरणे रानात रवंथ करत बसलेली असताना, बांधाच्या आडोशाने तिथे पोहोचावे. वारा त्यांच्या बसण्याच्या जागेकडून आपल्याकडे येत असेल तरच जावे. तो उलटा असेल त्या दिवशी कितीही मोह झाला तरी जाऊ नये. अंगाचा वास दडवणाऱ्या फवाऱ्यांवर मी मुळीच विसंबत नाही.

ओढ्याकाठी:
वाऱ्याचा अंदाज नुसता फोनवर पाहून भागत नाही. मिल्कवीडच्या बोंडातला कापूस खिशात ठेवावा. रुईच्या म्हातारीसारखा तो तरंगत जातो आणि हवा कुठे वळते ते डोळ्यांना दिसते. संध्याकाळी गार झालेली हवा उताराने खाली सरकते, म्हणून मचाण चढावर असेल तर वारा अनुकूल वाटत असूनही आपला वास खालच्या वाटेवरच्या हरणांना लागतो.

मक्याचे_शेत:
अंधार पडल्यावर उतरावे तर हरणे समोरच शेतात उभी असतात. शिवाय 15 नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम सुरू झाल्यावर नारिंगी जाकीट घालावे लागेल, त्याने ती बुजतील का?

उत्तररान:
नारिंगी रंग कायद्याने बंधनकारक आहे आणि हरणांना तो भडक दिसत नाही. निळा मात्र ठळक दिसतो, तेव्हा जीन्स घालू नये. उतरण्यापूर्वी शेतमालकाला संदेश पाठवून ट्रॅक्टर शेतात आणायला सांगावे. रोजच्या ओळखीच्या त्या आवाजाने हरणे रानात सरकतात आणि मचाणाचा संशय त्यांना येत नाही. ती गेल्यावर, सुरक्षापट्टा जमिनीला पाय टेकेपर्यंत न सोडता, सावकाश उतरावे.