ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाला पोथी वाचून दाखवायची आहे

धरमपेठची सून:
मामाजी (माझे सासरे) ७६ वर्षांचे, फुप्फुसाचा कर्करोग. केमो बंद झाली, आता घरीच असतात. नाकाला ऑक्सिजनची नळी, दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी. ग्रामगीता त्यांच्या रोजच्या वाचनातली, पण आता वाचवत नाही. कधी आणि किती वाचून दाखवावी? मधेच डोळे मिटतात, तेव्हा थांबायचं का? खोलीत कूलरचा आवाजही फार आहे.

पॅलिएटिव्ह (गंभीर आजारात त्रास कमी करणारी) नर्स:
ताई, आधी एक सांगते. पोथी म्हटली की निरांजन, उदबत्ती आलीच. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत दोन्ही नकोत. आग भडकू शकते, शिवाय धुरानं खोकल्याची उबळ येते. दिवा देवघरातच लावा.

वेळ गोळीवरून ठरवा. गोळी घेतल्यावर पाऊण-एक तासानं बसा, तेव्हा दुखणं सर्वांत कमी असतं. डोस नुकताच वाढवला असेल तर दोन-तीन दिवस गुंगी राहते, तेव्हा पाच मिनिटं पुरेत. एरवी दहा-पंधरा. ग्रामगीतेचे अध्याय ४१ आणि एकेक लांबलचक, तेव्हा अख्खा अध्याय रेटू नका. २५-३० ओव्या वाचा, प्रत्येक ओवीनंतर एक पूर्ण श्वास घेऊन पुढची.

पाठ असलेली ओवी आली की माणूस आपसूक सोबत म्हणू लागतो, आणि धाप असलेल्याला तेच भोवतं. 'तुम्ही फक्त ऐका मामाजी, मी म्हणते,' असं आधीच सांगा. तरी ओठ हलू लागले, गळ्याच्या शिरा ताणल्या, की ती ओवी संपवून थांबा.

डोळे मिटले तर कपाळ बघा. सैल असेल तर आवाज उतरवत नेत थांबा. एकदम गप्प झालात तर दचकतात. भुवया आखडल्या, हात चादर चाचपू लागला, तर दुखतंय का, लघवी तुंबली आहे का ते पाहा. अचानक असंबद्ध बोलू लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

घास किंवा पाणी तोंडात असताना वाचू नका, ठसका लागतो.

श्रवणतज्ज्ञ:
कूलर बंद करू नका. मे महिन्यातलं नागपूर, त्यात तोंडावर वारा लागला की धापही कमी जाणवते. पंखा सर्वांत हळू ठेवा, पंप चालू द्या. कूलरपासून लांब असलेल्या कानाशी, दीड-दोन फुटांवर बसा. या वयात स, श, त अशी व्यंजनं आधी निसटतात. ओरडून वाचलं की फक्त स्वर मोठे होतात. आवाज जरा खालच्या पट्टीत, वेग कमी. खिडकीकडे पाठ नको, तुमचे ओठ दिसायला हवेत. श्रवणयंत्र लावत असतील, तर ते उशीला दाबलं की शिटी वाजते, म्हणून कुशीवर असताना ते वरच्या कानात असू द्या.

धरमपेठची सून:
खूप आभार. पुढे शुद्ध हरपली तर वाचावं का? आणि रात्री मोबाइलवर लावलं तर चालेल?

पॅलिएटिव्ह नर्स:
वाचा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात, प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदू अखेरच्या तासांतही आवाजातला बदल टिपत होता. अर्थ कळतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. तरीही उशाशी बसून खर्चाच्या, वाटणीच्या गोष्टी बोलू नका. मोबाइल चालेल, पण दहा मिनिटांचा टायमर लावून. माणूस थकला हे त्याला दिसत नाही.