नीलगायीसारख्या मोठ्या जनावरासाठी .२२३ चे काडतूस पुरेसे आहे का?

जुळेसोलापूरकर:
नमस्कार. माझा भाचा दक्षिण टेक्सासमध्ये नोकरीला आहे आणि येत्या हिवाळ्यात त्याला तिथल्या एका खासगी रँचवर नीलगायीच्या शिकारीला जायचे आहे. आपल्याकडची नीलगाय गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या किंग रँचवर नेऊन सोडण्यात आली, ती तिथे चांगलीच फोफावली, आणि परदेशी प्राणी म्हणून गणली जात असल्यामुळे तिच्या शिकारीला तिथे वर्षभर मुभा असते. भाच्याकडे .२२३ रेमिंग्टनची (आकडा गोळीच्या इंचांतल्या व्यासाचा, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटर) रायफल आहे. त्याच्या वयाचे मित्र म्हणतात की आजच्या सुधारलेल्या गोळ्यांमुळे एवढी रायफल पुरते. रँचवरचे जुने लोक मात्र .३०० विंचेस्टर मॅग्नम या बऱ्याच जोरदार काडतुसाखाली बोलायलाच तयार नाहीत. मी स्वतः सोलापुरात .२२ च्या टार्गेट रायफलीपलीकडे गेलेलो नाही, त्यामुळे मामा या नात्याने सल्ला देण्याइतके ज्ञान माझ्यापाशी नाही. कॅरामोजो बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने सात मिलिमीटरच्या रायफलीने शेकडो हत्ती मारले, हे मात्र वाचलेले आहे. हत्तीला सात मिलिमीटर पुरत असेल, तर नीलगायीला साडेपाच मिलिमीटर का पुरू नये?

वकील, उत्तर कसबा:
मूळ प्रश्न टेक्सासचा आहे हे मान्य, तरीही येथील वाचकांसाठी एक नोंद करून ठेवतो. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. पिकांची नासाडी करणारे रानडुक्कर किंवा नीलगाय असली, तरी वन विभागाच्या सक्षम अधिकाऱ्याची परवानगी असल्याखेरीज बार टाकता येत नाही. नान्नजच्या माळावरचा काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे. एवढे सांगून मी बाजूला होतो.

बार्शीचा पशुवैद्य:
काडतुसाकडे वळण्यापूर्वी जनावराकडे पाहावे, असे मला वाटते. नीलगायीचा पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या वर भरतो, आणि त्याच्या मानेची व छातीची कातडी विशेष जाड असते. हृदय छातीत बरेच खाली आणि पुढे, पुढच्या पायांच्या मध्ये असते; त्याच्या वर आणि मागे फुप्फुसे पसरलेली असतात. जनावर अगदी आडवे उभे असेल आणि गोळी फऱ्याच्या लगेच मागून बरगड्यांमधून शिरली, तर दोन्ही फुप्फुसांपर्यंतची वाट तुलनेने मऊ असते. तेच जनावर तिरके उभे असले, की गोळीला आधी फऱ्याचे जाड स्नायू, बहुधा हाडही, किंवा मागच्या बाजूने चाऱ्याने गच्च भरलेले पोट पार करावे लागते. काडतूस कमी पडते ते या दुसऱ्या प्रसंगात.

गोळीच्या धक्क्याने जनावर मरते, हाही एक गैरसमज आहे. मेंदूला किंवा पाठीच्या कण्याला इजा झाली तर ते जागीच कोसळते. एरवी रक्तस्राव होऊन मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावरच ते पडते. हृदय फुटल्यानंतरसुद्धा मेंदू आणि स्नायू काही सेकंद शिल्लक प्राणवायूवर चालत राहतात, आणि तेवढ्या वेळात धावते जनावर सहज शंभर मीटर जाते. दक्षिण टेक्सासच्या काटेरी झाडोऱ्यात शंभर मीटर म्हणजे पुष्कळ झाले. गोळी आरपार गेली असेल तर दोन्ही बाजूंनी रक्त सांडते आणि माग काढता येतो. बारीक गोळी आतच थांबली, तर कातडी सरकून आत शिरलेले भोक झाकले जाते आणि जमिनीवर थेंबही दिसत नाही.

निवृत्त सुभेदार, होटगी रोड:
बेलचे उदाहरण प्रत्येक जण देतो, पण अर्धेच देतो. त्याचे ७×५७ माउझर, ज्याला इंग्लंडात .२७५ रिग्बी म्हणत, १७३ ग्रेनची (एक ग्रॅम म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रेन) लांबट, गोल नाकाची आणि संपूर्ण धातूच्या कवचातली गोळी मारत असे. ती आत गेल्यावर फुलत नसे, वाकत नसे, सरळ रेषेत खोल जात असे. हत्तीची कवटी कापून त्याने मेंदूची नेमकी जागा अभ्यासली होती, आणि उघड्या माळावर बेसावध हत्तीवर, हव्या त्या कोनातूनच तो बार टाकत असे. जिम कॉर्बेट यांनी १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तोही .२७५ रिग्बीनेच, पण वाघासाठी त्यांच्यापाशी.४५०/४०० ची दुनळी होती, हे कोणी सांगत नाही.

आता व्यासापेक्षा महत्त्वाची बाब. गोळीचे पौंडांतले वजन तिच्या इंचांतल्या व्यासाच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. गोळीची बांधणी सारखी असेल तर हा आकडा मोठा असणारी गोळी अधिक खोल जाते. बेलच्या गोळीचा आकडा ०.३०६ येतो. .२२३ च्या नेहमीच्या ५५ ग्रेनच्या गोळीचा ०.१५७, म्हणजे जवळपास निम्मा. त्यामुळे सात आणि साडेपाच मिलिमीटरमध्ये फरक दीड मिलिमीटरचाच आहे, हा हिशेब फसवा ठरतो.

फौजेतला अनुभवही येथे सरळ लागू होत नाही. १८९० च्या दशकात .४५ च्या मार्टिनी-हेन्रीच्या जागी .३०३ आली, तेव्हा कवचबंद बारीक गोळी आरपार जाते आणि समोरचा माणूस थांबत नाही, अशा तक्रारी वायव्य सरहद्दीवरून आल्या. त्यावर कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात टोक उघडे ठेवलेली, आत गेल्यावर फुलणारी गोळी तयार झाली. १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात तशा गोळीवर बंदी आली, पण शिकारीत मात्र फुलणारी गोळीच योग्य मानली जाते. म्हणून स्वस्त मिळतात म्हणून लष्करी पद्धतीची ५.५६ मिलिमीटरची कवचबंद काडतुसे भाच्याने कदापि वापरू नयेत.

रेंजवरचा:
सुभेदारसाहेबांचा मान राखून थोडा मतभेद नोंदवतो. .२२३ म्हणजे ५५ ग्रेनच, हे गृहीतक जुने आहे. ७७ ग्रेनच्या गोळीचा आकडा ०.२१९ येतो आणि .३०८ च्या १५० ग्रेनच्या गोळीचा ०.२२६, हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आहेत, आणि १५० ग्रेनच्या.३०८ ला अपुरी म्हणणारा मला आजवर भेटलेला नाही. शिवाय धक्का कमी असल्यामुळे नेमबाज दचकत नाही, बार टाकल्यावरही दुर्बिणीतून जनावर दिसत राहते, आणि दुसरी गोळी लगेच मारता येते. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात बेला ट्विन या क्री स्त्रीने १९५३ मध्ये साध्या एकबारी .२२ रायफलीने प्रचंड ग्रिझली अस्वल मारले होते. चुकीच्या जागी लागलेली .३०० मॅग्नम बरोबर जागी लागलेल्या .२२३ पेक्षा वाईटच.

उत्तरवारा (मूळ अक्कलकोट, सध्या नॉर्वे):
शेवटचे वाक्य खरे असले, तरी त्यातली तुलना मला पटत नाही. बरोबर जागी लागलेल्या .३०८ शी तुलना करून पाहावी. ट्विनबाईंनी तो बार अगदी जवळून आणि जीव वाचवण्यासाठी टाकला होता, आणि अस्वल पडल्यावरही खात्रीसाठी आणखी गोळ्या झाडल्या होत्या. त्यावरून शिकारीचा नियम काढणे बरे नव्हे. .२२३ ने मोठी जनावरे पाडल्याची छायाचित्रे पुष्कळ दिसतात, पण जखमी होऊन झाडीत नाहीशा झालेल्या जनावराचे छायाचित्र कोण काढणार?

आमच्याकडे एल्क (अमेरिकेत ज्याला मूस म्हणतात) या महाकाय हरणासाठी नियम असा आहे की ९ ते १० ग्रॅमच्या गोळीत १०० मीटरवर किमान २,७०० ज्यूल ऊर्जा हवी, आणि गोळी त्याहून जड असेल तर २,२०० ज्यूल चालते. म्हणजे जड गोळीला कायद्यानेच सवलत दिली आहे. .२२३ ची ऊर्जा नळीच्या तोंडाशीच सुमारे १,७५० ज्यूल असते आणि गोळी पाच ग्रॅमपर्यंतच, त्यामुळे ती या चाचणीच्या जवळपासही फिरकत नाही. लहानशा रो हरणासाठी मात्र ९८० ज्यूलची अट असल्याने ती चालते. उलट १८९४ चे ६.५×५५ हे काडतूस, जे अमेरिकेत अनेकांना बारीक वाटेल, १०.१ ग्रॅमच्या गोळीसह येथे पिढ्यानपिढ्या एल्कवर वापरले जात आहे. माझा आक्षेप बारीक व्यासाला नाही, हलक्या गोळीला आहे. शिवाय येथे मोठ्या शिकारीआधी दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते आणि माग काढणारा मान्यताप्राप्त कुत्रा हाताशी ठेवावा लागतो. या सोयी गृहीत धरूनही हे आकडे ठरवले आहेत.

जुळेसोलापूरकर:
सर्वांचे आभार. भाच्याशी बोललो. त्याच्या रायफलीच्या नळीवर १:१२ असे कोरलेले आहे. याचा काही संबंध आहे का?

रेंजवरचा:
संबंध आहे, आणि माझा मुद्दा येथे गळून पडतो. १:१२ म्हणजे नळीतल्या आट्यांमध्ये गोळीचा एक फेरा बारा इंचांत पूर्ण होतो. तेवढ्या फिरकीत ५५ ग्रेनची गोळी स्थिर राहते, पण ७७ ग्रेनची लांब गोळी हवेत डगमगते. तिला १:८ किंवा १:७ ची नळी लागते. या रायफलीने नीलगायीच्या वाटेला जाऊ नये.

बार्शीचा पशुवैद्य:
मग प्रश्न सुटलाच. रँचवर .३०८ किंवा .३०-०६ उसनी मिळत असेल तर तीच घ्यावी. .३०० मॅग्नमचाच हट्ट नको. तिच्या धक्क्याची सवय नसलेला माणूस घोडा ओढतानाच डोळे मिटतो.

उत्तरवारा (मूळ अक्कलकोट, सध्या नॉर्वे):
सहमत. १८० ग्रेनची, कवच आणि शिसे एकजीव केलेली किंवा संपूर्ण तांब्याची गोळी निवडावी, आणि ज्या काडतुसांनी शिकार करायची त्यांनीच रायफल आधी शंभर मीटरवर लावून घ्यावी. उसन्या रायफलीची दुर्बीण मालकाच्या काडतुसांसाठी लावलेली असते, आणि काडतूस बदलले की गोळी वेगळ्या जागी पडते.