हुआन गाब्रिएल ऐकायला सुरुवात कुठून करावी? सल्ला हवा

सांजवारा
मेक्सिकोच्या हुआन गाब्रिएलची गाणी नीट क्रमाने ऐकायची आहेत. स्पॅनिश ए२ पातळीपर्यंत, म्हणजे सुरुवातीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत येतं, शब्द समोर असले तर अर्थ लागतो. ॲपवर संकलनांचा ढीग येतो आणि एकेक गाणं दहा रूपांत दिसतं. कोणतं ध्वनिमुद्रण आधी घ्यावं? त्याची कोणती गाणी दुसऱ्यांच्या आवाजात ऐकावीत? आणि शब्द समजून घ्यायला पहिलं गाणं कोणतं?

खर्जातला_सा
संकलनं सध्या बाजूला ठेवा. त्यांत वर्षं दिलेली नसतात, स्टुडिओतलं आणि मैफलीतलं एकत्र केलेलं असतं, त्यामुळे माणूस कसा बदलत गेला ते कळतच नाही.

पहिलं गाणं १९७१चं 'नो तेंगो दिनेरो' घ्या, म्हणजे 'माझ्याकडे पैसे नाहीत'. चाल हलकी, नाचरी, तरुण पोरासोरांची. पण त्यामागचं आयुष्य माहीत असू द्या. खरं नाव आल्बेर्तो आगिलेरा वालादेस, जन्म ७ जानेवारी १९५०, मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातलं पाराकुआरो. वाढला अमेरिकेच्या सीमेवरच्या सिउदाद हुआरेसमध्ये, तोही मुलांच्या वसतिगृहात. तिथे हुआन कोन्त्रेरास या शिक्षकाने त्याला संगीत शिकवलं. पुढे रंगमंचावरचं नाव घेताना 'हुआन' या गुरूचं घेतलं आणि 'गाब्रिएल' वडिलांचं. त्याआधी हुआरेसच्या 'नोआ नोआ' या बारमध्ये तो आदान लुना नावाने गात असे. मेक्सिको सिटीत चोरीच्या खोट्या आरोपावरून लेकुम्बेर्रीच्या तुरुंगात सुमारे दीड वर्ष काढलं. 'ला प्रिएता लिंदा' या नावाने गाजलेल्या गायिका एन्रिकेता हिमेनेस यांच्या मदतीने तो सुटला आणि मग आरसीए या ध्वनिमुद्रण कंपनीचा करार झाला. हे कळल्यावर त्या गाण्यातला 'पैसे नाहीत' हा शब्द वेगळाच ऐकू येतो.

नंतर लगेच १९७४चा 'मारियाची वार्गास दे तेकालित्लान' या ताफ्यासोबतचा अल्बम. मारियाची म्हणजे व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटार घेऊन गाणारा मेक्सिकन पारंपरिक ताफा. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. गितार्रोन हे मारियाचीचं मोठ्या पोटाचं, सहा तारांचं खर्जाचं वाद्य. त्यावर एकच स्वर दोन सप्तकांत जोडीने छेडतात. छोट्या स्पीकरवर तेवढंच गायब होतं आणि नुसते ट्रम्पेट कानावर आदळतात. साधे हेडफोनही पुरतात.

रुणझुण_७
माझं मत वेगळं. सुरुवात मे १९९०च्या बेयास आर्तेसच्या मैफलीपासून करा. मेक्सिको सिटीतलं ते सभागृह म्हणजे ऑपेरा आणि शास्त्रीय संगीताचं मानाचं घर. लोकप्रिय गायकाला तिथे जागा कशी, यावरून बराच वाद झाला होता. सोबत राष्ट्रीय सिम्फनी वाद्यवृंद, संचालक एन्रिके पात्रोन दे रुएदा. या माणसाची ताकद एका बैठकीत कळायची तर हीच मैफल.

खर्जातला_सा
मैफल थोरच आहे, वाद नाही. पण पहिल्यांदाच ती ऐकली तर तो मूळ चालीपासून कुठे सुटतो, कुठे ओळ मुद्दाम लांबवतो, ते कसं कळणार? 'आस्ता के ते कोनोसी' आधी १९८६च्या 'पेन्सामिएन्तोस' अल्बममधलं ऐका, दोनदा. मग १९९०चं. शीर्षकाचा अर्थ 'तू भेटेपर्यंत'. वाटतं की तू भेटलीस आणि आयुष्य उजळलं. प्रत्यक्षात उलट आहे. दुःख काय, रडणं काय, मला ठाऊकच नव्हतं, असं तो जवळजवळ बोलल्यासारखं सांगत जातो आणि मग ती ओळ येते: तू भेटेपर्यंत. मैफलीत तो हा शांत भाग खूप धीराने घेतो. शेवटी लय चढते, वाक्यं पुन्हा पुन्हा येतात आणि सभागृह उभं राहतं. मूळ कानात असेल तरच तो चढ अंगावर येतो.

रुणझुण_७
हे पटलं. आधी स्टुडिओ, मग मैफल.

पैलतीर
दुसऱ्यांच्या आवाजाबद्दल. हा माणूस गायकाइतकाच, माझ्या मते थोडा अधिकच, गीतकार-संगीतकार आहे, त्यामुळे हा भाग टाळू नका. गायिका रोसिओ दुर्काल मूळची स्पेनमधल्या माद्रिदची. १९७७पासून तिने मारियाचीच्या साथीने त्याची गाणी गायली आणि मेक्सिकोने तिला आपलंच मानलं. तिचं १९८४चं 'आमोर एतेर्नो' ('चिरंतन प्रेम') ऐकाच. मेक्सिकन गायक होसे होसेचं 'लो पासादो, पासादो' (१९७८) आणि स्पॅनिश गायिका इसाबेल पान्तोहाचं 'आसी फुए' (१९८८) हीदेखील त्याचीच. मार्क अँथनीने १९९३च्या अल्बममध्ये 'आस्ता के ते कोनोसी' साल्सात, म्हणजे कॅरिबियन नाचाच्या लयीत गायलंय, ते सगळ्यात शेवटी.

इथे हमखास होणारी चूक: दुर्कालचं 'ला गाता बाहो ला युविया' पुष्कळ जण त्याच्या नावावर टाकतात. ते राफाएल पेरेस बोतिहा यांचं आहे. होसे होसेने गाजवलेलं 'एल त्रिस्ते'देखील त्याचं नाही, रोबेर्तो कान्तोराल यांचं. आणि 'आसी फुए' १९९०च्या मैफलीत शोधू नका. त्याच्या आवाजातलं गाजलेलं रूप त्याच सभागृहातल्या नंतरच्या मैफलीचं आहे, १९९८मध्ये आलेल्या अल्बममधलं.

१९८६ ते १९९४ या काळात पूर्ण नवा स्टुडिओ अल्बम सापडणार नाही. गाण्यांच्या हक्कांवरून ध्वनिमुद्रण कंपनीशी भांडण होतं. स्वतःच्या रचनांचा हक्क मिळावा म्हणून तो अडून राहिला, आणि परतला तेव्हा अल्बमचं नाव ठेवलं 'ग्रासियास पोर एस्पेरार', म्हणजे 'वाट पाहिल्याबद्दल आभार'.

२०१५चे 'लोस दुओ' अल्बम सुरुवातीला नकोत. युगुलगीतांत त्याच्या ओळी दुसऱ्यांत वाटल्या जातात.

सांजवारा
फार उपयोगी. शब्दांसाठी पहिलं कोणतं घेऊ?

ओवीकार
'से मे ओल्विदो ओत्रा वेस', वर सांगितलेल्या १९७४च्या अल्बममधलं. मराठी माणसाला याचं व्याकरण आधीच येतं. 'से मे ओल्विदो' म्हणजे 'मी विसरलो' नव्हे, 'मला विसर पडला'. क्रिया माझी नाही, ती माझ्यावर येऊन पडते. गाण्याचा सगळा जीव इथेच आहे: प्रेम फक्त माझंच होतं, याचा मला पुन्हा विसर पडला. म्हणून तो त्याच जागी, त्याच माणसांत राहतो. तू परत आलीस तर काही परकं वाटू नये एवढ्यासाठी. इंग्रजीतून भाषांतर वाचलंत तर ही 'पडण्या'ची छटा हरवते. स्पॅनिशमधून थेट मराठीत करा.

दुसरं 'केरिदा' (१९८४), म्हणजे 'प्रिये'. एकच संबोधन पुन्हा पुन्हा, शब्दसंपत्ती सोपी, ए२ला झेपतं.

'आमोर एतेर्नो' तिसरं ठेवा, कारण त्यात 'तू जिवंत असावंस' या अर्थाची अपूर्ण संकेतार्थाची रूपं आहेत, ती ए२मध्ये सहसा शिकवत नाहीत. लोक ते त्याच्या १९७४मध्ये वारलेल्या आईशी जोडतात. मेक्सिकोत अंत्ययात्रेत आणि १० मेच्या मातृदिनी ते गायलं जातं. पण मूळ शब्दांत 'आई' कुठेच नाही. आणि 'विविएरास' या क्रियापदाला लिंग नाही. मराठीत आणताना 'असतास' की 'असतीस' हे ठरवावंच लागतं, आणि ठरवलं की गाणं एकाच माणसाचं होतं. त्यावर उपाय म्हणजे 'तुझं असणं', 'तुझे डोळे' अशी रचना. डोळ्यांसाठी त्याने 'ओहितोस' हे लडिवाळ रूप वापरलंय, तेही सांभाळा.

सांजवारा
'तुझे इवले डोळे मिटायलाच नको होते' असं चालेल?

ओवीकार
चालेल. फक्त 'इवले' काढा, ते तान्ह्या बाळाचं वाटतं. 'तुझे ते डोळे' म्हणा आणि 'ते'वर किंचित थांबा.